दुसरी भट्टी

कोव्हेंट्रीची नोकरी घेऊ नकोस, असं मी त्याला सुचवलं, तेव्हा आमच्या कारखान्यात दुसरी भट्टी येणार नाही हे मला माहीत होतं. माहीत कसलं, ती येऊ नये अशी शिफारस करणारा मीच होतो. हे मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, आणि त्याला तर नाहीच.

कारखाना वॉटफर्डच्या पलीकडे, एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे. एका बाजूला टाइल्सचं गोडाऊन, दुसऱ्या बाजूला कुत्र्यांना आंघोळ घालणाऱ्यांचा धंदा. मधे आम्ही. आम्ही शिकारीच्या आणि नेमबाजीच्या बंदुकांचे सुटे भाग बनवतो. चाप ओढला की आत जे छोटे पोलादी तुकडे एकमेकांवरून सुटतात, ते. एखादा तुकडा नखाएवढा असतो. तळहातावर ठेवला तर कशाचा आहे हे कुणाला ओळखता येणार नाही. माल बहुतेक सगळा अमेरिकेला जातो.

हॅरोच्या हॉलमध्ये गणपतीच्या जेवणाला कुणी विचारलं, काय करता, की मी 'प्रिसिजन पार्ट्स' म्हणायचो. समोरचा आपणहून म्हणायचा, "अच्छा, एअरोस्पेस का?" मग मी मान हलवायचो, हो आणि नाहीच्या बरोबर मधे. खोटं बोललो असं कुणी म्हणू शकलं नसतं. ही मान मला आयुष्यभर उपयोगी पडत आली आहे.

माझं काम प्लॅनिंगचं. येत्या काही महिन्यांत किती माल खपेल याचा अंदाज बांधायचा आणि त्यावरून मालकांना सांगायचं की किती पोलाद मागवा, किती माणसं लावा. कारखाना मालकांच्या वडिलांनी काढलेला. मालक साठी ओलांडलेले, सावकाश बोलणारे. सगळे त्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, मला मात्र इतक्या वर्षांनीही ते जमत नाही.

मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेली काही यंत्रं होती. नवीन माणूस आला की त्यांच्याबद्दल विचारायचा आणि कुणीतरी त्याला बाजूला घेऊन सांगायचं. बऱ्याच वर्षांपूर्वी अमेरिकेत एकदा हूल उठली होती की बंदुकांवर कडक कायदा येणार. लोकांनी दुकानांपुढे रांगा लावल्या. मालकांनी कर्ज काढून यंत्रं घेतली, माणसं घेतली. कायदा काही आला नाही. भीती ओसरली आणि ज्यांना घ्यायची होती त्या सगळ्यांची बंदूक घेऊन झालेली होती. मालक म्हणायचे, ही काही टूथपेस्ट नाही, एकदा घेतली की नातवापर्यंत पुरते. तेव्हा ज्यांना काढावं लागलं, त्यांत त्यांचा सख्खा मेव्हणा होता. तो अजून ख्रिसमसला त्यांच्या घरी पाऊल टाकत नाही.

यंत्रं विकून टाका, असं त्यांना पुष्कळांनी सांगितलं होतं. ते विकत नसत. येता-जाता दिसली पाहिजेत, म्हणायचे.

ज्याला मी कोव्हेंट्रीला जाऊ नकोस म्हणालो, तो आमच्याकडे आला तो भट्टीसाठी. सुटे भाग कापून झाले की त्यांना भट्टीत तापवून कडक करावं लागतं, नाहीतर ते झिजतात. भट्टी एकच. पुढे कितीही लेथ चालवा, भट्टीतून जाईल तेवढाच माल बाहेर. भट्टी सांभाळणारे गृहस्थ निवृत्त झाले, आणि इथे त्या कामाला माणूस मिळेना, म्हणून कंपनीने थेट नागपूरहून हा मेटलर्जीचा इंजिनिअर आणला. व्हिसा कंपनीच्या नावावर, मुदत आखूड. दुसरी भट्टी घेतली तर पुढे वाढवू, असं तोंडी ठरलं होतं. बायको आणि शाळेत जाणारी मुलगी बरोबर होती.

मी हॅरोहून निघायचो आणि वॉटफर्डला त्याच्या फ्लॅटखालून त्याला गाडीत घ्यायचो. रस्ताभर तो बोलायचा, मी गाडी चालवायचो. माझ्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, पण पहिल्या आठवड्यातच मला 'भाऊ' म्हणायला लागला. मी दोन वाक्यं सलग बोललो की म्हणायचा, "थांबा जी भाऊ, तारीख लिहून ठेवतो." कारखान्यातल्या गोऱ्या लोकांना त्याने 'हौ', म्हणजे नागपुरी 'हो', म्हणायला शिकवलं होतं. भट्टीचं दार बंद झालं की फोर्कलिफ्टवाला ओरडायचा, "हौ?" आणि हा आतून, "हौ!"

आणि तो विचारायचा. सगळं विचारायचा. कौन्सिल टॅक्स कसा भरायचा, मुलीला कुठली शाळा, जीपी डॉक्टर अपॉइंटमेंट देत नाही तर काय करायचं, रेडिएटर वरून गार का लागतो. इथे आपल्या लोकांची रीतच आहे, आधी आलेल्याला विचारायचं. मीही माझ्या वेळी माझ्या आधी आलेल्या एकाला असंच विचारत होतो. आधी आलेल्याचा शब्द इथे कायद्यासारखा असतो. तो कुणी तपासून बघत नाही. एक तर वेळ नसतो, आणि तपासणं म्हणजे त्या माणसाचा अपमान.

मग महामारीच्या मागोमाग ती लाट आली. अमेरिकेत लोक भ्यायले होते. आजाराला, दंगलींना, एकमेकांना, येऊ घातलेल्या कायद्याला. जे कधी बंदुकीच्या दुकानात शिरले नव्हते तेही शिरायला लागले. आमच्याकडे ऑर्डरी अशा येऊ लागल्या की सकाळी मी स्क्रीन उघडायचो तेव्हा रात्रीतून आकडा वर चढलेला असायचा. कँटीनमध्ये एकच विषय, दुसरी भट्टी कधी येणार. याने तर ती कुठे बसवायची, याची जमिनीवर खडूने चौकट आखून ठेवली होती. लोक गंमत म्हणून चौकटीला वळसा घालून जायचे.

मला त्या ऑर्डरींत वेगळाच वास येत होता. अमेरिकेतला एखादा बंदुकांचा कारखाना घाबरून तोच माल तीन ठिकाणी मागवतो, की कुठून तरी मिळेल. पहिल्याकडून मिळाला की उरलेल्या दोघांना रद्द. मी एकेका गिऱ्हाईकाला फोन केले, सहज बोलल्यासारखे. जो नेहमी भावासाठी घासाघीस करायचा, तो भावच विचारत नव्हता. जो हवापाण्याच्या गप्पा मारायचा त्याला फोन ठेवायची घाई होती. मी मालकांना सांगितलं, निम्म्याहून जास्त ऑर्डरी हवेतल्या आहेत, पुढच्या वर्षी यातलं काही उरणार नाही. भट्टी घेऊ नका.

मालकांनी चष्मा काढला आणि खिडकीतून मागच्या शेडकडे बघितलं. मग म्हणाले, मागच्या खेपेला हे मला वेळेवर सांगणारं कुणी नव्हतं.

ठरलं ते असं. भट्टी नाही, नवं यंत्र नाही, कायमचा माणूस नाही. शनिवारची पाळी लावायची, एजन्सीची माणसं घ्यायची. आणि गिऱ्हाईकाला नाही म्हणायचं नाही, फक्त तारीख लांबची द्यायची. ज्याला खरंच हवंय तो थांबेल. हे मात्र खाली शॉपफ्लोरवर कळता कामा नये. हे सगळं चार दिवसांचं आहे असं समजलं तर चांगली माणसं आत्ताच दुसरीकडे बघायला लागतील आणि आहे तो मालही वेळेवर जाणार नाही.

काही दिवसांनी मालकांनी मला कार पार्कमध्ये गाठलं. तुम्ही दोघं जवळचे आहात ना, म्हणाले. ऑर्डरी आहेत तोपर्यंत तो राहिला तर बरं होईल, त्याच्याशिवाय भट्टी चालणार नाही. धमकी नाही, दरडावणं नाही, उलट जरा संकोचानेच बोलले. माझ्या स्वतःच्या कायम वास्तव्याच्या अर्जाला तेव्हा थोडेच महिने उरले होते आणि त्यावरही कंपनीचीच सही लागणार होती. याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. मलाच ते आठवलं.

त्यानंतरच्या एका रविवारी तो सहकुटुंब आमच्या घरी आला. एरवी तो खालूनच हाक मारून वर यायचा, त्या दिवशी आधी फोन केला. वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, नागपूरकडची पुडाची वडी करून आणली होती. मुलगी टीव्हीसमोर बसली. चहा झाल्यावर तो सोफ्याच्या टोकाला सरकला.

"भाऊ, कोव्हेंट्रीवाले मला घेऊन राहिले."

विमानाच्या इंजिनाचे भाग बनवणारी कंपनी होती. भट्टीचंच काम. व्हिसा पूर्ण पाच वर्षांचा देत होती, म्हणजे तिथेच त्याचंही कायमचं झालं असतं. आठवड्याच्या आत उत्तर द्यायचं होतं. सांगताना त्याला आनंद लपवता येत नव्हता, पण त्यात एक अवघडलेपण होतं, आम्हाला सोडून जातोय असं काहीतरी.

वहिनी म्हणाल्या, "मला वाटतं घ्यावी. इथलं आपल्या हातात काहीच नाही."

"अगं, भाऊंना तर विचारू दे. मालकासोबत मीटिंगला बसतात ते. आपण काय, भट्टीचं दार उघडणारे."

वहिनींनी त्याच्याकडे बघितलंच नाही. सरळ मला विचारलं, "भाऊजी, दुसरी भट्टी नक्की येणार आहे का?"

असा सरळ प्रश्न मला या देशात कुणी विचारला नव्हता. माझ्या हातात वडी होती. बायको स्वयंपाकघरात होती. खरं सांगायला एक शब्द पुरला असता.

"ठरल्यासारखंच आहे," मी म्हणालो.

"म्हणजे ठरलंय?"

"थोडं थांबायला हरकत नाही."

"बस, संपला विषय," तो मांडीवर थाप मारून म्हणाला. "भाऊ थांब म्हणून राहिले म्हणजे त्यांना काही माहीत असंल. सांगता येत नसंल, एवढंच."

त्याचं ते शेवटचं वाक्य खरं होतं. वहिनी उठल्या आणि कपबशा गोळा करायला लागल्या. बायको आतून म्हणाली, राहू द्या हो. तरी त्यांनी सगळ्या धुऊन, पुसून, फडक्यावर उपड्या घालून ठेवल्या. जाताना मुलीला जाकीट घालताना त्यांनी चेन इतक्या जोरात ओढली की ती मुलगी ओय म्हणाली.

गिऱ्हाईकाशी वागायची कारखान्याची रीत मी घरी आणली होती. नाही म्हणायचं नाही, तारीख लांबची द्यायची. फरक एवढाच की गिऱ्हाईकाला दुसरीकडे जाता येत होतं, आणि याची दुसरी वाट त्याच आठवड्यात बंद झाली. त्याने कोव्हेंट्रीला नकार कळवला आणि सोमवारी गाडीत मला सांगितलं, एखादं ओझं उतरवल्यासारखं.

त्यानंतर जे सुरू झालं ते सांगायला मला सगळ्यात जड जातं. माझ्या खोट्याला खरं करणारी एकच गोष्ट उरली होती. लाट ओसरली नाही, वाढतच गेली, तर मालकांना एक दिवस भट्टी घ्यावी लागेल. मग तो राहील आणि मी खोटं बोललोच नव्हतो असं होईल. म्हणून मी वाट बघायला लागलो. अमेरिकेत कुठे गोळीबार झाला की कायद्याची चर्चा उठते, आणि चर्चा उठली की दुकानं भरतात, हे मला धंद्यापुरतं ठाऊक होतं. आता मी सकाळी उठून आधी तिथल्या बातम्या बघायचो. कुणी हवामान बघावं तसं.

एका सकाळी आम्ही गाडीत होतो आणि रेडिओवर बातमी लागली. कुठल्याशा गावात, सुपरमार्केटमध्ये. मेलेल्यांत म्हातारी माणसं होती, आठवड्याचं सामान घ्यायला आलेली. तो म्हणाला, "काहून करतात हो लोक असं?" आणि खिडकीकडे तोंड करून बसला. मी त्या क्षणी मनात ऑर्डरी मोजत होतो. अंदाज बांधत होतो, की हे किती आठवडे टिकेल. हे लक्षात आल्यावर मी रेडिओ बंद केला. त्याला वाटलं, मला ऐकवत नाहीये.

ऑर्डरी वाढल्याही, थोड्या दिवसांपुरत्या. मालक माझ्या टेबलापाशी आले, आकडा बघितला, आणि म्हणाले, तारखा अजून लांबच्या द्या. त्यांना माझ्यासारखी घाई नव्हती. त्यांना मागची शेड रोज दिसत होती.

मी तेव्हा तरी बोलू शकलो असतो. कोव्हेंट्री गेलं होतं, पण मुदत बाकी होती, त्याला दुसरीकडे शोधता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे, त्या रविवारी मला माहीत होतं हेही सांगावं लागलं असतं. रोज सकाळी तो गाडीचं दार उघडून बसायचा, आणि वॉटफर्ड ते कारखाना एवढ्या वाटेत मी ते वाक्य जुळवायचो. गेटपाशी आलं की म्हणायचो, संध्याकाळी. संध्याकाळी तो दमलेला असायचा.

पानं गळायला लागली तेव्हा ऑर्डरी रद्द व्हायला सुरुवात झाली. अगदी मी सांगितलं होतं तशा. एजन्सीची माणसं गेली, शनिवार बंद झाला. आमच्यासारखाच माल करणाऱ्या एका कारखान्याने लाटेत दोन भट्ट्या घेतल्या होत्या, तो बुडाला. आमच्यात कायमच्या नोकरीवरचा एकही माणूस गेला नाही. मालकांनी केबिनमध्ये बोलावून माझा हात हातात घेतला. माझा अंदाज बरोबर होता. आजही मला तो चुकीचा वाटत नाही.

त्याचा व्हिसा वाढवणार नाही, आता एवढ्याशा मालाला त्याच्या हाताखाली शिकलेला इथला पोरगा पुरेल, हे त्याला एचआरच्या बाईंनी सांगितलं. संध्याकाळी तो गाडीत बसला आणि सीटबेल्ट न लावता म्हणाला, "भाऊ, तुम्ही काही मनाला लावून घेऊ नका. तुम्ही आत भांडले असाल माझ्यासाठी, मला माहीत नाही का? तुमच्या घरी वहिनी सांगत होत्या, तुमचं जेवणात लक्ष नाही म्हणून."

मी गाडी सुरू केली. आणि मान हलवली. हो आणि नाहीच्या मधे नाही या वेळी. स्पष्ट हो अशी.

त्याने पुष्कळ ठिकाणी अर्ज केले. कोव्हेंट्रीच्या जागेवर माणूस आला होता. बाकीच्यांना व्हिसाच्या भानगडीत पडायचं नव्हतं. त्याच दरम्यान माझं कायम वास्तव्य मंजूर झालं. बायकोने घरी छोटी पूजा ठेवली. मी नको म्हणत होतो, कारण सांगता येत नव्हतं. तो आला, नवा शर्ट घालून आला, आणि सगळ्यांना पुन्हा पुन्हा जिलबी वाढत राहिला. "खा जी खा," म्हणायचा, "आपल्यातला एक तरी पक्का झाला." वहिनी माझ्या बायकोला मदत करत होत्या. माझ्या ताटात त्यांनी वाढलं, पण माझ्याकडे बघून नाही.

त्यांना हीथ्रोला मीच सोडलं. मुलगी रडत होती, तिची शाळेची मैत्रीण मागे राहिली होती. वहिनींनी बॅगा ट्रॉलीवर चढवल्या आणि "येते भाऊजी" एवढंच म्हणाल्या. तो मला मिठी मारून हुंदका देऊन रडला. माझ्या पाठीवर त्याचे दोन्ही हात होते आणि मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

तो आता नागपूरला एका कारखान्यात आहे. काम बरं आहे म्हणतो, उन्हाळ्यात भट्टीपाशी उभं राहवत नाही म्हणतो. मुलगी अजून मराठी इंग्रजीसारखं बोलते म्हणून शाळेत चिडवतात. तो फोन करतो, मी करत नाही. प्रत्येक फोनमध्ये एकदा तरी येतं, "भाऊ, तुम्ही लय केलं आमच्यासाठी."

मागच्या फोनला स्पीकर चालू होता. बोलता बोलता जुना विषय निघाला. तो हसत म्हणाला, "हिला तेव्हा कोव्हेंट्रीचं खूळ लागलं होतं. मी म्हटलं, भाऊंपेक्षा तुला जास्त समजते का? नशीब आपलं खराब, त्याला भाऊ तरी काय करतील."

मागून भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी म्हणाल्या, "हो. माझंच चुकलं होतं."

त्यात राग नव्हता. टोमणाही नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं. घरात अनेकदा ऐकून ऐकून एखादी गोष्ट शेवटी मान्य करून टाकावी, तसं त्या बोलल्या. मी म्हणालो, नेटवर्क जातंय, आणि फोन ठेवला.

इतके दिवस मला वाटायचं, मी त्याचा अपराधी आहे. तो मी आहेच. पण त्याने निदान विश्वास ठेवला आणि तो विश्वास त्याच्यापाशी शाबूत आहे. वहिनींनी विश्वास ठेवला नव्हता. त्यांना बरोबर दिसलं होतं, त्यांनी बरोबर प्रश्न विचारला होता, आणि त्याबद्दल त्या स्वतःच्या घरात चुकीच्या ठरल्या.

त्या दोघांना एकत्र बसवून, त्याच्या समोर, मला वहिनींना सांगायचं आहे की भट्टी येणार नव्हती, मला ते माहीत होतं, आणि तुम्ही बरोबर होता. हे मी त्यांचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.